तेमूभावजी अदबीने बोलू लागले

सुजी, रविवार, ११ ऑगस्ट १९९६

प्रिय एलियामिनी,

नॉर्वेहून तू पाठवलेलं पार्सल पोचलं. आत निघालं ते असं: लोकरीचा कोट एक, पायमोज्यांच्या जोड्या तीन, सांधेदुखीच्या मलमाच्या नळ्या दोन, सुक्या माशाचं पाकीट एक. समे गावच्या पोस्टातून सोडवायला जकात साडेतीन हजार शिलिंग, बसभाडं जाऊन-येऊन आठशे. वरचा दोर चांगला आहे, गुंडाळून ठेवलाय. मासा इतका वाळलेला की चर्चमधल्या बायकांना तो लाकडाचा वाटला. रात्रभर भिजत घालून टोमॅटोत शिजवला, तेव्हा कुठे त्याने मासेपण कबूल केलं.

पत्र मात्र नव्हतं. कोटाचे खिसेसुद्धा उलटे करून पाहिले.

इकडे प्रभूच्या कृपेने ठीक आहे. आल्याचं पीक बरं आलं. तुझ्या बाबांच्या कबरीवर गवत उगवू लागलंय. तेमूभावजी बरे आहेत, त्यांनी तुला आशीर्वाद सांगितलाय.

पार्सल घेऊन परतताना ते स्टँडवर भेटले. गिरणी बंद करून घरी निघाले होते. मला पाहून त्यांनी टोपी काढली आणि म्हणाले, "नमस्कार बाई. घरी सगळं क्षेम आहे ना? प्रकृती बरी?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "देव तुमचं भलं करो." टोपी घातली आणि गेले.

बसमध्ये बसल्यावर मी पार्सलाचा दोर सोडत आणि परत बांधत राहिले.

तू म्हणशील, यात एवढं काय? आठव जरा. लग्न होऊन मी या डोंगरावर आले त्या वर्षापासून त्या माणसाने, आपण पारे आणि ते चग्गा जमातीचे म्हणून, मला एकदा तरी धड नमस्कार केला होता का? मी दळण घेऊन लांबून दिसले की गिरणीतून हाक यायची, "पीठ झाका रे, पारेबाई आली. श्वास घेतानासुद्धा पावशेर ओढून नेईल." आणि तुझे बाबा माझ्या मागून म्हणायचे, "आधी तराजूवरचा अंगठा काढ, चग्गा. त्या अंगठ्याचंच वजन तू वीस वर्षं विकतोयस." मग बाकावर बसून दोघं एकाच पेल्यातून दूध प्यायचे. तेमूभावजींना खरं तर केळ्याची दारू हवी असायची, पण आमच्या ॲडव्हेंटिस्ट माणसासमोर ते दूधच प्यायचे आणि वर म्हणायचे, "फुकट मिळालं तर पारे देवाचा कुठलाही नियम मोडेल, पण दारू मी कधी फुकट दिली नाही म्हणून हा पवित्र राहिला."

असा माणूस मला 'बाई' म्हणाला. अदबीने.

पुढच्या पार्सलात काही पाठवू नकोस, पत्र पाठव.

तुझी आई,
नामकुंडा


सुजी, रविवार, २० ऑक्टोबर १९९६

प्रिय एलियामिनी,

तुझं पत्र मिळालं. तिकीट जास्तीचं लागलेलं दिसलं, म्हणजे वजनदार होतं. मी ते तीनदा वाचलं आणि बायबलात ठेवलं. कुणाला दाखवलेलं नाही.

आधी एक सांगते. तेमूभावजींनी तुला आशीर्वाद सांगितल्याचं मी लिहिलं होतं. त्यांनी तसं काही सांगितलं नव्हतं. त्यांनी तुझं नावही काढलं नाही.

तू विचारलंस की मी अजून रागावले आहे का. रागाचं मला नीट सांगता येत नाही. बाबांची पेटी खड्ड्यापाशी आणली आणि तेमूभावजी बाबांचीच जुनी टोपी घालून, बाबांचीच छत्री काखेत धरून खड्ड्याच्या तोंडाशी आडवे झाले, तेव्हा मला ठाऊक होतं काय होणार ते. सगळ्यांना ठाऊक होतं. ते थट्टेचे सोयरे. चग्गांच्या मयताला पारेंनी आणि पारेंच्या मयताला चग्गांनी वाट अडवायची, मेलेल्याची नक्कल करायची, त्याला नावं ठेवायची, आणि हातावर काही ठेवल्याशिवाय पेटी आत जाऊ द्यायची नाही. ते बाबांच्या आवाजात म्हणाले, "एवढा खोल कशाला खणलात? मजुरी कोण देणार? मला उभा पुरा, जागा वाचेल." इतकं हुबेहूब की मी अंगावर गुंडाळलेल्या कांग्याचा पदर तोंडात कोंबून हसले, आणि मरण झाल्यापासून तेव्हा पहिल्यांदा मला रडू फुटलं. ते हसू नसतं आलं तर ते रडूही आलं नसतं. त्यासाठीच तर सोयरे असतात.

आणि तू त्यांची कॉलर धरलीस. टोपी काढून फेकलीस. "माझ्या बापाच्या प्रेतापुढे कुणी जमातीवरून बोलायचं नाही," म्हणालास. त्या वयाचा माणूस गुडघ्यांवर पडला. उठून त्याने माती झटकली आणि निघून गेला. मागोमाग त्यांची बायको अनाएली. पेटी कुणी न अडवता खाली गेली. इतकी मुकाट्याने गेलेली पेटी मी आयुष्यात पाहिली नव्हती.

मला वाटलं, परदेशी राहून पोरगा आपल्याला रानटी समजू लागला. गावातही तेच बोललं गेलं. आता तुझं पत्र वाचल्यावर कळलं, की उलटंच झालं होतं. तू आपल्यातला फारच राहिला होतास.

मी नीट समजले का बघ. तुझ्या कचेरीतला तो ऑडवार कॉफीच्या टेबलावर सगळ्यांदेखत तुला माकड समजून केळ्यांवरून आणि झाडांवरून काही बोलला. सगळे हसले. आणि माझं लेकरू आनंदलं. दोन वर्षांत तिथे तुला कुणी चिडवलं नव्हतं, सगळे अदबीने वागत होते, आणि तुला वाटलं, चला, अखेर एकाने सोयरीक जोडली. म्हणून तू उलट म्हणालास, की देवाने तुला भट्टीतून लवकर काढलं ऑडवार, अजून पीठ ओलं आहे. की तुमच्याकडे मासे वाळवतात की आजोबांना, हे बघून ओळखता येत नाही. आणि दुसऱ्या दिवशी थट्टेच्या सोयऱ्यांच्या रीतीप्रमाणे तू त्याचे हातमोजे खुंटीवरून काढून स्वतःच घातलेस, तो काहीतरी घेऊन सोडवायला येईल म्हणून.

आणि तो आला नाही. साहेबाचं बोलावणं आलं. अपमान आणि चोरी. कागदावर ताकीद मिळाली. कॉफीच्या टेबलावर तुझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली.

एलियामिनी, मी चुलीपाशी बसून हे वाचलं आणि मकंदे करपलं. मका आणि चवळी दोन्ही वाया गेली, आणि मला त्याचं काही वाटलं नाही, यावरून समज.

तू लिहिलंस की त्यानंतर आरशात बघतानासुद्धा तुला त्यांची केळी दिसायची. की बाबा गेल्याची तार मिळून तू घरी आलास, आणि खड्ड्यापाशी तेमूकाका 'पारे, पारे' म्हणत होते तेव्हा तुला ऑडवारच ऐकू आला. तेच हसू, तोच घोळका. तू लिहिलंस, "आई, शिवी ती शिवीच. आपण ती गोड मानून घेतो, एवढंच."

त्यावर मी बरेच दिवस विचार केला. मला मिशनच्या शाळेत मॅट्रिकपर्यंत जेवढं शिकवलं त्यात हे नव्हतं. पण रोज भांडी घासते, म्हणून एवढं सुचलं. भांड्याला कान असतो. पारे कंजूष, पारे कोंबडीसाठी कोर्टात जातो आणि वकिलासाठी गाय विकतो, हा आपला कान. चग्गा पैशासाठी जागा राहतो, हा त्यांचा. कानाला धरूनच भांडं चुलीवरून उतरवतात आणि कानाला धरूनच ते भिरकावतातही. कान तोच. मग दोष कानाचा कसा? पण भिरकावलेल्या भांड्याला हे सांगून काय उपयोग, हेही मला कळतं. म्हणून तुझं म्हणणं मी खोडत नाही.

फक्त एक विचार मनातून जात नाही. आमच्या उग्वेनोच्या लोहारांनी घडवलेले भाले चग्गांनी विकत घेतले आणि तेच घेऊन आमची गुरं पळवायला आले. माझ्या पणजीचा भाऊ त्यात मेला. तेमूभावजींच्याकडचेही मेले असतील. आणि मग कधीतरी, कुठल्यातरी झाडाखाली, दोन्हींकडचे म्हातारे बसले आणि ठरवलं, की इथून पुढे एकमेकांना फक्त बोलायचं. वाटेल ते बोलायचं, रागवायचं नाही, रक्त काढायचं नाही. आणि ज्याला बोललात त्याच्या मयताला जायचंच. हे कुणाला सुचलं असेल? त्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. शब्बाथला प्रार्थनेत डोळे मिटले की मला ते झाड दिसतं, आणि अंगावर काटा येतो. देवाने माणसं इतक्या तऱ्हांची केली ते एक आश्चर्य. पण त्या तऱ्हांचं काय करायचं हे माणसांना सुचलं, हे मला त्याहून मोठं वाटतं.

तू लिहिलंस की नॉर्वेची माणसं स्वीडनच्या माणसांना मूर्ख म्हणून चिडवतात. मग नॉर्वेच्या माणसाच्या मयताला स्वीडनचा माणूस येतो का? तो खड्ड्याशी आडवा पडतो का? येत नसेल तर त्यांचं काम अर्धंच झालेलं आहे. कुणीतरी त्यांना सांगायला हवं.

तेमूभावजी गिरणीत नसतात आता. पायांना सूज आलीय म्हणे. अनाएली त्यांना चग्गांच्या डोंगरावर त्यांच्या घरी, मारांगूला घेऊन गेली. मला कळवलं नाही. परक्याला कोण कळवतं?

तुझी आई,
नामकुंडा


सुजी, रविवार, २९ डिसेंबर १९९६

प्रिय एलियामिनी,

मी मारांगूला जाऊन आले. तुला न विचारता गेले आणि तुला न विचारता तुझी गोष्ट सांगितली. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तू कपाळाला आठ्या घालणार नाहीस.

नाताळच्या आधी सगळे चग्गा त्यांच्या डोंगरावर घरी जातात, त्यामुळे बसमध्ये उभं राहायलाही जागा नव्हती. मी बोकड घेऊन गेले होते. बोकडाचं भाडं कंडक्टरने माणसाइतकं घेतलं. हिमोच्या नाक्यावर बस बदलताना बराच वेळ बसावं लागलं. समोरून माणसं जात होती. मसाई भाला घेऊन, तर त्याच्याच शेजारी एक पोर प्लॅस्टिकची बंदूक घेऊन. सांबा बायका केळीची पानं डोक्यावर घेऊन, सोमाली कपाळापर्यंत झाकलेल्या, एक गुजराती शेठ हिशेब पुटपुटत. कुणाचं नाक असं, कुणाच्या गालावर डाग दिलेले, कुणी कोळशासारखा, कुणी चहासारखा. रोज पाहते मी ही माणसं. पण त्या दिवशी बोकडाची दोरी धरून बसले असताना वाटलं, एकाच मुठीतल्या मातीतून हे सगळं काढणाऱ्याला कंटाळा म्हणून आला नाही. आणि यातल्या प्रत्येकाला शेजारच्याने काहीतरी नाव ठेवलेलंच आहे. बिननावाचा एकही नाही. मी तिथेच मान खाली घालून प्रार्थना केली. बोकडाने तेवढ्यात माझ्या पिशवीतला पाव खाल्ला.

तेमूभावजी केळीच्या बागेत, घरापुढे आरामखुर्चीत बसले होते. पाय बादलीएवढे. त्यांची लेकरं, सुना, नातवंडं सगळी आलेली. मला पाहताच सगळे उठले. खुर्ची दिली. अनाएलीने हात धुवायला पाणी दिलं, दोन्ही हातांनी. जेवायला केळी घालून केलेलं मटण, मला आधी वाढलं. कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही. तुला सांगते, इतकं एकटं मला बाबांच्या पेटीपाशीही वाटलं नव्हतं.

मी बोलायचं ते घोकून गेले होते. उभी राहिले, बोकडाची दोरी पुढे केली, आणि म्हटलं की माझ्या मुलाने तुमच्यावर हात टाकला, त्याची मी आई म्हणून क्षमा मागते. बायबलातलं एक वचनही म्हटलं. सगळे ऐकत होते.

तेमूभावजी म्हणाले, "वहिनी, खाली बसा. माफी परक्यांकडे मागतात. मी ती घेतली तर मी परका झालो. बोकड बांधा तिकडे, मी घेणार नाही."

मग काय करू, म्हणून मी विचारलं. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले, वाट बघितल्यासारखे. मला कळलं त्यांना काय हवं होतं. पण तू मला ओळखतोस. थट्टा बाबा करायचे. मी त्यांच्यामागे उभी राहून हसायची. माझ्या तोंडाला काही येईना. एक नातू खोकला.

तेव्हा, दुसरं काही सुचेना म्हणून, मी तुझी गोष्ट सांगितली. कॉफीचं टेबल, केळी, ओलं पीठ, हातमोजे, साहेब, ताकीद. सगळी. सांगताना मी जमिनीकडे बघत होते. हातमोज्यांपाशी आले तेव्हा कुणीतरी हसलं, कारण पोराने बरोबर रीत पाळली होती. आणि साहेबापाशी आले तेव्हा अनाएलीने हातातलं भांडं खाली ठेवलं. रिकाम्या खुर्चीचं सांगून मी थांबले.

वर पाहिलं तर तेमूभावजींच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते पुसतही नव्हते.

"म्हणजे त्याने पोराला बोलून घेतलं," ते म्हणाले, "आणि मग पोराचं ऐकून घेतलं नाही?"

मी म्हटलं, नाही.

"आणि उद्या पोरगा तिथे मेला, तर हा येणार नाही?"

मी म्हटलं, येणार नाही.

त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि उठायचा प्रयत्न केला. अनाएलीने खांदे दाबून बसवलं. "कोण हा ऑडवार?" ते म्हणाले. "कुणाला विचारून आमच्या पारेला बोलला? पिढ्यान्‌पिढ्या आम्ही ती जागा राखलीय. आमचे लोक त्यासाठी भर पावसात त्यांच्या खड्ड्यांत झोपलेत. आणि हा कॉफी पीत पीत, फुकटात?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा वहिनी, तुमचा पोरगा. जिथे फुकट मिळेल तिथे उभा. शिवीसुद्धा फुकटची घेतली. पारे तो पारेच."

आणि माझ्या तोंडून निघालं. मी विचार केला नव्हता, देवाशपथ. मी म्हटलं, "आणि तुम्ही नाताळला डोंगरावर येता ते काय देवासाठी? कुणी डोंगर विकला तर नाही ना, आणि विकला तर आपल्याला दलाली मिळाली का, हे बघायला येता."

मला वाटलं, चुकलं. मग तेमूभावजींचं पोट हलायला लागलं. आवाज नंतर आला. सुना हसल्या, नातवंडं हसली, म्हातारा खुर्चीत हसून हसून खोकायला लागला आणि खोकता खोकता म्हणाला, "अरे, हिला बोलता येतं! काजिरूने एवढी वर्षं बायकोला वाचवून ठेवली होती, खर्च होईल म्हणून!" अनाएलीने उठून माझ्या पायांतल्या चपला काढून घेतल्या आणि घरात नेऊन लपवल्या. मघाशी ज्या हातांनी अदबीने पाणी दिलं त्याच हातांनी. मी तिला चोर म्हटलं. ती म्हणाली, "पारेबाई, अनवाणी चाला, तळवे झिजत नाहीत, पैसे वाचतील." मग ती माझ्या गळ्यात पडली आणि आम्ही दोघी बाबांसाठी रडलो. इतक्या महिन्यांनी. बोकड त्याच संध्याकाळी कापला. दंड म्हणून. क्षमा म्हणून नव्हे.

मी दोन दिवस राहिले. निघताना तेमूभावजींनी मला एकटीला बोलावलं. हॉस्पिटलवाल्यांनी सांगितलंय की सूज आता हृदयाशी आलीय, मार्चमधला मोठा पाऊस ते बघतील न बघतील. ते भीत नाहीत. पण म्हणाले, "वहिनी, माझा खड्डा कोण अडवणार? काजिरू माझ्या आधी पळाला, देणं चुकवायला. पारे दुसरा मला ठाऊक नाही. तो पोरगाच हवा. त्याने मला कॉलर धरून ओढलं होतं ना, हात चांगला आहे त्याचा. ओढायला नव्हे, पडायला ये म्हणावं." मी म्हटलं, त्याला अजून लाज वाटते भावजी, तो माफीचं पत्र लिहील. ते म्हणाले, "माफी आली तर मी वाचून घेणार नाही. वाचायला मला डोळे नाहीत, तुम्हीच वाचणार. तुम्हीही वाचू नका. मला शिवी हवी. चांगली, नवी, परदेशी थंडीत मुरलेली. ती ऐकली की मला कळेल, तो येईल."

एलियामिनी, ऑडवारने तुझं काय मोडलं ते मला इथून दुरुस्त करता येणार नाही. त्या टेबलावरच्या खुर्चीचं मी काय करू? पण इथे एक म्हातारा मरणाशी तुझी वाट बघतोय, आणि तुझ्याकडून तुझ्या बापाने म्हटलं असतं तेच मागतोय. तुला ते आता विषासारखं लागत असेल, तर तसं लिही. मी त्यांना काहीतरी सांगेन, आणि तुला दोष देणार नाही. पण माझ्या मनात आहे, की तुझ्याकडे अजून आहे ते. नाहीतर तू हातमोजे घातलेच नसतेस.

देवाची माफी मी मागून ठेवलीय, आई होऊन मुलाकडे शिवी मागते म्हणून. उलट टपाली लिही. चग्गांना झोंबेल अशी, म्हाताऱ्याच्या पायांवरून, गिरणीवरून, हवं त्यावरून. हवाई टपालाच्या तिकिटाला कितीही लागोत.

तुझी आई,
नामकुंडा